विभूते मास्तरांचा मुआयना

मुरूमच्या शाळेत मी भूगोल शिकवायला लागलो, ते मराठी राज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत एक उंच, वाळलेले गृहस्थ शिक्षकांच्या खोलीत आले आणि थेट माझ्यासमोर उभे राहिले. अंगात पांढरा सदरा, खाकी अर्धी विजार, पायात खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. मान डावीकडं वळवून त्यांनी मला एका डोळ्यानं न्याहाळलं आणि म्हणाले, "हात दाखवा."

मला वाटलं, भविष्य सांगणारे असतील. मी तळहात पुढं केला. त्यांनी तो पालथा केला, एकेका नखावरून अंगठा फिरवला आणि माझ्या बोटातली लग्नातली अंगठी हलवून बघितली.

"ढिली हाय. पोरांना मारता का?"

"नाही," मी म्हणालो. खरं म्हणजे अजून एकही तास घेतला नव्हता.

"मारू नका. मारायचंच झालं तर काढून ठेवा आन् मग मारा."

एवढं बोलून ते गेले. बाकीचे शिक्षक हसले. मुख्याध्यापक म्हणाले, "आमचे ड्रिल मास्तर. विभूते. तुमचा मुआयना झाला म्हणायचा."

मुआयना हा निजामाच्या काळातल्या शाळांचा शब्द. साहेब तपासणीला आला की मुआयना व्हायचा. संस्थान गेलं, मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला. शाळेतली उर्दू गेली, पण विभूते मास्तरांचा मुआयना राहिला. शाळेत बास्केटबॉल आणला त्यांनीच. ते हैदराबादला शिकले होते, तिथं हा खेळ खेळले होते. आमच्याकडं लाल मुरमाचं मैदान, दोन सागवानी खांब, वर फळ्या आणि गावातल्या लोहारानं घडवलेल्या लोखंडी कड्या. जिल्ह्यात या खेळाचे नियम धड माहीत असलेला दुसरा माणूस नव्हता, म्हणून संघ आपला असो की परका, शिट्टी मास्तरांच्याच गळ्यात असायची. मला त्यांनी गुण मांडायला बसवलं. त्यामुळं मुआयना मी फार जवळून पाहिला.

सामना सुरू होण्याआधी दोन्ही संघ समोरासमोर उभे राहायचे. मास्तर ओळीतून फिरायचे. बनियनवर पुढं-मागं नंबर शिवलेला आहे का, बनियन चड्डीत खोचलंय का, चड्डीला नाडी आहे की पट्टा. पट्टा दिसला की खेळाडू बाहेर. नखं वाढलेली असली तर खिशातून नऱ्हाणी काढून स्वतः कापायचे. अंगठी, कडं, कानातली बाळी, टाचणी, सगळं काढायला लावायचे. हे सगळं चालू असताना ते एक अक्षर जास्त बोलायचे नाहीत. कितीही गर्दी असो, तेवढा वेळ मैदान चिडीचूप व्हायचं. काहीतरी वाईट होणार आहे आणि हा माणूस ते शोधतो आहे, असं वाटायचं. मला त्या शांततेची कधीच सवय झाली नाही.

पायांबद्दल त्यांचा एक नियम होता, तो कुठल्याही पुस्तकात नसावा. मैदानावर एकाचे जरी पाय अनवाणी असले, तर सगळ्यांनी अनवाणी खेळायचं. एकदा उस्मानाबादहून संघ आला, सगळ्यांच्या पायात नवे कोरे बूट. आमच्यातले तिघे-चौघे अनवाणी. मास्तरांनी पाहुण्यांना बूट काढायला सांगितलं. त्यांचे शिक्षक तावातावानं पुढं आले. "उन्हानं मुरूम तापलाय मास्तर, आमच्या पोरांचे पाय भाजतील."

"व्हय, भाजतील," मास्तर म्हणाले. "बुटाखाली बोट सापडलं तर मोडतं. भाजलेलं बरं होतंय."

बूट निघाले. मास्तरांनी स्वतःचेही काढले आणि शेवटपर्यंत तापलेल्या मुरमावर अनवाणी धावले.

पण त्यांना नुसतं कडक म्हणणं खरं नाही. आमच्या संघात एक पोरगा होता, त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीची पेटी होती, नवसाची. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. पेटी काढायला सांगितली तसा तो रडायला लागला. कुणीतरी घरी निरोप दिला आणि त्याची आई शेतातून तशीच, हातात खुरपं घेऊन आली.

"मास्तर, ते काढलं तर पोरगं राहायचं न्हाय वो," ती म्हणाली.

"काढत न्हाय, बाई. बांधतो." मास्तर मुरमावर मांडी घालून बसले. जुन्या धोतराची पट्टी फाडली, पोराच्या छातीवर पेटी सपाट ठेवली आणि पट्टीचे वेढे देऊन वर बनियन चढवलं. मग आईला म्हणाले, "आता हात लावून बघा. हलती का?" तिनं हात लावला. हलत नव्हती. मास्तरांनी स्वतःच्या सदऱ्याचं बटण काढून आतलं दाखवलं. ते लिंगायत, त्यांच्या छातीवरचं लिंगही तसंच पट्टीनं आवळून बांधलेलं होतं. "देव अंगावर असू द्या," ते म्हणाले. "फकस्त लोंबता नको."

त्यांच्या डाव्या डोळ्यात बुबुळ नव्हतं, नुसता दुधी गोळा होता. म्हणून ती मान वळवायची सवय. डोळ्याबद्दल गावात नाना कथा होत्या. कुणी म्हणायचं रझाकारांनी फोडला, कुणी म्हणायचं देवी आल्या होत्या. एका दुपारी आम्ही दोघं शाळेच्या पडवीत बसलो होतो. ते चेंडूची वादी ओवत होते. आपणहून म्हणाले, "कुलकर्णी, तुमी इचारलं न्हाय कधी. बरं केलं. पण ऐका."

हैदराबादच्या शाळेत ते खेळायचे तेव्हा समोरच्या संघात एका बड्या अंमलदाराचा भाचा होता. कमरेला पितळी बक्कलाचा पट्टा. उडी मारताना तो पोरगा वर गेला, विभूते खाली वाकले आणि बक्कल डोळ्यात घुसलं.

"दवाखान्यात पंच भेटायला आला. म्हातारा माणूस. खाटेवर बसला, माझा हात धरला आन् म्हणाला, बेटा, मैंने देखा था."

ते वादी ओवत राहिले. मला वाटलं गोष्ट संपली.

"त्येनं बघितलं व्हतं," ते परत म्हणाले. "पट्टा बघितला व्हता. कुणाचं पोरगं हाय ते बघून सोडून दिलं. ते बक्कल मला कदी सपनात येत न्हाय कुलकर्णी. तो म्हातारा येतो."

त्यांची बायको सांगायची, की रस्त्यानं चालतानासुद्धा ते लोकांच्या हातांकडं बघत चालतात. तोंडं त्यांना फारशी ओळखू यायची नाहीत.

आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब नावाचे गृहस्थ होते. मोठी शेतीवाडी, आडत, घरात बंदुका. बोलणं मात्र अत्यंत मऊ. मी त्यांना आवाज चढवताना कधी ऐकलं नाही, आणि त्यांच्यासमोर दुसऱ्या कुणाचा आवाज चढलेलाही ऐकला नाही. त्यांचा धाकटा मुलगा शहाजी आमच्या संघात होता. दांडगा, बरा खेळायचा. आदल्या वर्षी परंड्याला सामना झाला, तेव्हा तिथल्या माणिक नावाच्या एका चपळ पोरानं शहाजीला असा नाचवला की लोक हसून हसून बेजार झाले. आबासाहेब त्या दिवशी तिथं होते. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. परत येताना एवढंच म्हणाले, "पुढल्या साली आपल्या मैदानात बघू."

पुढल्या साली जिल्ह्याचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर ठरला, परंड्याशीच. त्या आठवड्यात गावात काहीतरी शिजत होतं. सामन्याबद्दल पोरं मोकळेपणानं बोलेनात. मी वर्गात गेलो की कुजबुज थांबायची. सामन्याच्या दिवशी कडुनिंबाखाली आबासाहेबांची खुर्ची मांडलेली, आणि तिच्या मागं त्यांचे गडी उकिडवे बसलेले. खेळ बघायला आलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. वारा पडला होता. चुन्यानं आखलेल्या रेघा उन्हात डोळ्यांवर येत होत्या.

मुआयना सुरू झाला. माणिक समोरच्या ओळीत उभा होता, हसरा, बारीक अंगाचा पोरगा. मास्तरांनी त्याची नखं बघितली, पाठीवर थाप मारली आणि आमच्या ओळीकडं वळले. शहाजीच्या उजव्या मनगटाला रुंद पांढरी पट्टी होती.

"काय झालं?"

"मुरगळलंय, मास्तर."

मास्तरांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि थांबले. अंगठा उचलला, तर त्यावर रक्ताची रेघ उमटली होती. मी गुणांचा कागद घेऊन दोन हातांवर उभा होतो. मास्तरांनी अंगठा तोंडात घातला, चोखला आणि सावकाश पट्टी सोडायला लागले. आत दाढीच्या पात्याचा तुकडा शिवलेला होता. धार बाहेरच्या अंगाला, टाके बारीक, एकसारखे. असे टाके पोरानं घातलेले नसतात. पण पातं दुसऱ्या बाजूनंही धारदारच असतं. आतून शहाजीचं स्वतःचं मनगट कापलं होतं, आणि रक्त पट्टीत मुरून काळं पडत चाललं होतं.

"कुणी शिवलं हे?" मास्तरांनी इतक्या हळू विचारलं की शेजारच्या पोरालाही ऐकू गेलं नसेल.

शहाजीनं एकदा कडुनिंबाकडं बघितलं. "पेन्सिलीला टोक काढायला लागतंय, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी पट्टी घडी घालून खिशात टाकली. औषधाच्या पेटीतून टिंक्चर आणून त्याचं मनगट पुसलं, त्यावर स्वच्छ फडकं बांधलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्या हाताला जखम हाय. रक्त येतंय त्याला मी खेळवत न्हाय. दुसरा गडी घ्या."

मुख्याध्यापक धावत आले. पाठोपाठ आबासाहेब खुर्चीवरून उठून, छत्री टेकत शांतपणे आले.

"बारकी जखम दिसती, मास्तर. फडकं तर तुमी बांधलंच हाय. खेळू द्या की."

"न्हाय, आबासाहेब."

"गाव गोळा झालंय पोराचा खेळ बघायला."

मास्तर त्यांच्या अगदी जवळ गेले. मी मागंच होतो म्हणून मला ऐकू आलं. "ती पट्टी माझ्या खिशात हाय. हितं सगळ्यांसमोर टेबलावर ठिवू का?"

आबासाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "बरं," म्हणाले आणि खुर्चीवर जाऊन बसले.

सामना झाला. आम्ही हरलो. माणिक वाऱ्यासारखा खेळला, आणि आपण कशातून वाचलो हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक गुणाला आबासाहेब टाळ्या वाजवत होते. नंतर परंड्याच्या पोरांना त्यांनी चहा पाजला, माणिकचं कौतुक केलं. सगळे पांगल्यावर पान लावता लावता मास्तरांना जवळ बोलावलं.

"मास्तर, डोळा एकच ऱ्हायलाय की हो तुमचा," ते मायेनं विचारावं तसं म्हणाले. "जपत जावा."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांच्या घरासमोरच्या कट्ट्यावर दोन माणसं येऊन बसायला लागली. कडुनिंबाखाली होती त्यांतलीच. काही बोलायची नाहीत, शिवी नाही, धमकी नाही. मास्तर शाळेला निघाले की उठायची, मागं मागं यायची, शाळेच्या फाटकाबाहेर बसायची, परत मागं मागं जायची. बाजारात मास्तर भाजी घेत असले की ती बाजूला उभी, डाव्या अंगाला, जिकडचं मास्तरांना दिसत नसे. आठवडे गेले, पावसाळा गेला, तरी माणसं हटेनात. मास्तरांची बायको रात्रंदिवस दाराला कडी लावून बसू लागली, तेव्हा त्यांनी तिला आळंदला माहेरी पोचवलं. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

मुख्याध्यापक त्यांना म्हणाले, "एकदा वाड्यावर जाऊन माफी मागून टाका, मास्तर."

"कशाची?"

"ते मला काय माहीत. पण मागून टाका."

मास्तर गेले नाहीत. मात्र त्यांच्यात फरक पडला. कुठंही बसले तरी पाठ भिंतीला लावून, उजवा डोळा दाराकडं करून बसायचे. मागून कुणी हाक मारली तर दचकायचे. मी एकदा म्हटलं, "हे काही करणार नाहीत. नुसतं भेडसावतात."

"करतील तवा करतील," ते म्हणाले. "पण रोज वाटतंय, आज करतील. आबासाहेबांना तेवढंच पुरतंय बगा."

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी मैदानावरचे दोन्ही खांब बुंध्यातून तोडून पाडलेले होते. कुऱ्हाडीचे घाव ताजे होते. लाकडाच्या ढलप्या मुरमावर सांडलेल्या. सुतार यायला तयार होईना, लोहाराला ताप आला. मास्तरांनी स्वतःच ते आखूड झालेले खांब पुन्हा पुरायचे ठरवले. मी आणि चार-सहा पोरं मदतीला. आम्ही खड्डा खणत होतो, आणि फाटकातून शहाजी आत आला. खांद्यावर लोखंडी पहार. सामन्यानंतर त्यानं मैदानात पाऊल टाकलं नव्हतं.

पोरं खणायची थांबली. मास्तर खड्ड्यात गुडघ्यावर बसलेले, डावं अंग फाटकाकडं. त्यांना तो दिसलाच नव्हता. मी "मास्तर" म्हणालो, पण ते माती उपसतच राहिले. शहाजी त्यांच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. पहार खांद्यावरून उतरवली, दोन्ही हातांत धरली. मास्तरांनी मान वळवली आणि वर बघितलं. नेहमीप्रमाणं आधी त्याच्या हातांकडं.

"हिकडं दगड लागलाय," ते म्हणाले. "फोड."

शहाजी खड्ड्यात उतरला आणि पहार घालायला लागला. दुपारपर्यंत दोन्ही खांब उभे राहिले, पहिल्यापेक्षा बुटके.

त्या संध्याकाळपासून शहाजी मास्तरांबरोबर चालू लागला. सकाळी घरापासून शाळेपर्यंत, संध्याकाळी परत. डाव्या बाजूनं, एक पाऊल मागं. मागची दोन माणसं होतीच. गावाला कळेना, हा त्यांच्यातलाच तिसरा की काय. मलाही कळेना. न राहवून मी त्याला एकटा गाठला.

"शहाजी, काय चाललंय तुझं?"

तो पायानं माती उकरू लागला. "आमच्या घरातलं बोलणं माज्या कानावर येतंय, गुरुजी. मी संगं असलो की हात टाकायचे न्हायत. आबांचं पोरगं मधी येईल म्हून."

"वडलांना माहीत आहे?"

त्यानं सदऱ्याची बाही वर केली. दंडावर चाबकाचे वळ होते, काही जुने, काही ओले. "माहीत हाय," तो म्हणाला.

मी त्याच्यावर विश्वास ठेवला का? अर्धा. वाड्यातलं पोरगं, वाड्यातच झोपणारं. बापाचा मार खाऊन माणूस बापाविरुद्ध जातो तसा बापाचं ऐकायलाही लागतो. मी मास्तरांना विचारलं, "त्याची भीती नाही वाटत तुम्हाला? तुम्हाला न दिसणाऱ्या बाजूला असतो तो."

"वाटती की," मास्तर म्हणाले. "रोज निघताना त्याचे हात बघतो. रिकामे असत्यात. मग निघतो." मग म्हणाले, "त्या दिवशी मनगट बघितलं तुमी? पोराला आधी कापलं, मग माणिकला कापायला धाडलं."

पुढं काय झालं ते मी ऐकून सांगतो आहे, कारण पुढच्याच उन्हाळ्यात मला तुळजापूरला, माझ्या गावी, नोकरी मिळाली. आबासाहेबांना अर्धांगवायू झाला. अंथरुणाला खिळल्यावर कट्ट्यावरची माणसं एकेक करून नाहीशी झाली. शहाजी घर सोडून फौजेत गेला. मास्तर निवृत्त होईपर्यंत मुरूमलाच राहिले, मग बायकोकडं आळंदला गेले आणि तिथंच वारले. त्यांचा डोळा शाबूत राहिला. पण पाठ भिंतीला लावून बसायची सवय गेली नाही म्हणतात, कट्टा रिकामा झाल्यावरसुद्धा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बसच्या खिडकीतून. दिवस मावळायला आला होता. मी ट्रंक टपावर चढवून बसलो होतो, गाडी मुरूमच्या स्टँडवरून निघून उमरग्याच्या रस्त्याला लागली होती. रस्त्याच्या कडेनं मास्तर चालले होते, शहाजी डाव्या बाजूला, एक पाऊल मागं. बऱ्याच मागं ती दोन माणसं. मी हाक मारणार, तेवढ्यात शहाजीनं हात वर केला. झपकन, मास्तरांच्या तोंडाच्या दिशेनं. मी बाकावरून अर्धवट उठलो.

कडेच्या बाभळीची एक फांदी रस्त्यावर आली होती, काट्यांनी भरलेली, मास्तरांच्या कपाळाइतक्या उंचीवर. शहाजीनं ती पकडून बाजूला ओढली आणि मास्तर पुढं जाईपर्यंत तशीच धरून ठेवली. मास्तर चालत राहिले. त्यांना काही कळलं नाही. फांदी सोडून शहाजीनं तळहात विजारीला पुसला आणि दोन ढांगांत पुन्हा त्यांच्या बाजूला आला.